गाडी बसली

आमची गाडी बसली आहे, हे मला प्रथम शेजाऱ्यांनी सांगितले. आमच्या घरात काय बिघडले आहे ते आमच्याआधी त्यांना कळते, असा आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे. सकाळी मी फाटकातून वर्तमानपत्र उचलीत होतो, तोच कुंपणापलीकडून प्रश्न आला,

"काय मास्तर, रात्री कुठून पोती आणलीत वाटतं?"

"छे! पोती कसली?"

"मग गाडी अशी का बसलीय?"

मी वळून पाहिले. गाडी नेहमीप्रमाणे जांभळीखाली उभी होती. निदान इतके दिवस ती उभी आहे अशी माझी समजूत होती. पण आता त्या दृष्टीने पाहिले मात्र, आणि खरेच, तिची मागची बाजू खाली गेली होती आणि नाक आभाळाकडे लागले होते. उजवीकडून पाहिले तर थोडी, डावीकडून पाहिले तर पुष्कळ. शाळेतून दमून आलेले पोर पाठीवरचे दप्तर न काढताच ओट्यावर टेकते ना, तशी ती टेकली होती. रोज पाहणाऱ्याला असल्या गोष्टी दिसत नाहीत. बायकोच्या डोक्यातला पहिला पांढरा केस कोणत्या नवऱ्याने शोधून काढला आहे? तो काढतो तिचा भाऊ, दिवाळीला आल्यावर!

गाडी म्हणजे टाटांची सुमो. नाव ऐकून पुष्कळांना जपानी पैलवान आठवतात, आणि गाडीची अंगकाठी पाहता त्यांना दोष देता येत नाही. पण त्या नावात एक मराठी माणूस दडलेला आहे. टाटांच्या मोटार-उद्योगाला आणि पुण्याजवळच्या कारखान्याला ज्यांनी आकार दिला त्या सुमंत मुळगावकरांच्या नावाची आणि आडनावाची आद्याक्षरे जोडून हे नाव तयार झाले. १९९४ साली ही गाडी प्रथम रस्त्यावर आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. आमची २०१२ ची. शाळेतल्या नोकरीची अखेरची वर्षे होती. प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले तेव्हा हेडमास्तरांनी विचारले होते, "मुलीच्या लग्नासाठी का?" मी म्हणालो, "नाही, सगळ्यांसाठी." आणि ते खोटे नव्हते. त्या वेळी आमच्या लोणावळ्याच्या घरात नऊ माणसे होती. कार्ल्याच्या एकवीरेला जायचे तर दोन रिक्षा कराव्या लागत आणि नैवेद्याचा डबा हमखास चुकीच्या रिक्षात जाई.

मग काळाने आपले काम केले. वडील गेले. भाऊ बदली होऊन नागपूरला गेला. मुलगी सासरी, मुलगा नोकरीसाठी हिंजवडीला. उरलो मी, ही आणि माझी आई. नऊ माणसांच्या गाडीत आता तीन माणसे बसतात, आणि गाडी मात्र नऊ माणसे बसल्यासारखी दिसते!

एरवी मी तिकडे दुर्लक्ष केले असते. बसली तर बसली; मी तरी कुठे पूर्वीसारखा ताठ चालतो? पण मध्ये आईची भाऊबीज होती.

आईचे माहेर पवन मावळातले. ती लग्न होऊन लोणावळ्याला आली ती बैलगाडीतून. त्यानंतर काही वर्षांनी, १९७२ च्या सुमारास, पवनेवर धरण पुरे झाले आणि तिचे गाव पाण्याखाली गेले. जिथे ती भोंडला खेळली ते अंगण, जिच्यावर चढून मार खाल्ला ती चिंच, सगळे पाण्यात. उन्हाळ्यात धरण आटले की वाघेश्वराचे जुने देऊळ पाण्याबाहेर येते, तेव्हा त्यावरून अंदाज बांधून ती आम्हांला दाखवते, "तिथं आमचं घर." तिथे चिखल असतो. मामांनी धरणाच्या काठी, तुंग आणि तिकोना दोन्ही दिसतील अशा जागी नवे घर बांधले आणि आईची भाऊबीज तिथे होऊ लागली. एकही वर्ष चुकले नव्हते.

गेल्या वर्षी चुकले. न्हाणीत पाय घसरल्याचे निमित्त झाले आणि आईचा एक मणका दबला. तीन महिने ती अंथरुणावर होती. मामा तिच्याकडे आले असते, परंतु अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांना उंबरा ओलांडणे जमत नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आईने चंद्राला ओवाळले आणि निरांजन बराच वेळ हातातच धरून ठेवले. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. हिला तर भाऊ होता, आणि मधे फक्त एक खिंड होती.

या वर्षी डॉक्टर म्हणाले, "जायला हरकत नाही. फक्त गाडीला हादरे बसता कामा नयेत."

डॉक्टर चांगले आहेत, पण ते पुण्याचे आहेत. मावळातले रस्ते त्यांनी पावसाळ्यानंतर पाहिलेले नसावेत. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्यातला पुष्कळसा पवनेला आणि इंद्रायणीला मिळतो; उरलेला रस्त्यांच्या पोटात शिरून बसतो आणि गणपतीनंतर खड्ड्यांच्या रूपाने प्रकट होतो. भुशी धरणाकडे जाणाऱ्या मोटारींच्या रांगा तर ते खड्डे आणखी कोरून काढतात.

सप्टेंबरात मी आईला तपासणीसाठी तळेगावला नेले, तेव्हा काय ते समजले. जुन्या महामार्गावर एका खड्ड्यात मागचे चाक गेले. धाडकन आवाज झाला, आणि मग गाडी पुढचे शंभर पावले डोलतच राहिली. मी आरशात पाहिले. आई ओरडली नव्हती. तिने खिडकीवरची मूठ धरली होती आणि डोळे मिटून घेतले होते. ती "अगं बाई!" म्हणून ओरडली असती तर मला बरे वाटले असते.

घरी आल्यावर मी जाहीर केले, "शॉकअप बदलायचे."

कोशात त्याला 'आघातशोषक' असे भारदस्त नाव असेल. मी तीस वर्षे मराठी शिकवली, पण हा शब्द उच्चारून कोणत्याही गॅरेजमध्ये मला ती वस्तू मिळेल असे वाटत नाही. आमच्याकडे तिला शॉकअप म्हणतात. आणि आपल्या देशात कोणाच्या मोटारीचे शॉकअप गेले आहेत ही बातमी फुटली की, मुलीचे लग्न काढल्यावर जशी स्थळे येतात तसे सल्ले येऊ लागतात.

पहिला सल्ला चिरंजीवांचा. "बाबा, विका आता. पंधरा वर्षं झाली की पुन्हा नोंदणी, तपासणी, कर. एखादी छोटी विजेवरची घ्या." त्याचे म्हणणे हिशेबाने चूक नव्हते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, हे मलाही ठाऊक होते. पण मला गाडीची काळजी नव्हती, भाऊबीजेची होती. आणि भाऊबीज सात आठवड्यांवर आली होती.

दुसरा सल्ला मेहुण्यांचा. त्यांच्या ओळखीच्या कोणीतरी डोंगरदऱ्यांत गाडी उडवण्यासाठी परदेशी बनावटीचा संच बसवला होता. किंमत ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. त्या पैशांत आमच्या सुमोसारखी आणखी अर्धी सुमो आली असती. नाकापेक्षा मोती जड! शिवाय तो संच बनलेला असतो पाठीवर तंबू, पिंपे, पेट्या लादलेल्या गाडीसाठी. रिकाम्या गाडीला बसवला तर ती मऊ होण्याऐवजी दगडासारखी कडक चालते. हे अर्थात मला पुढे कळले. त्या वेळी मी केवळ किमतीला घाबरलो, आणि गरिबीने मला शहाणपणाच्या जागी आणून सोडले.

तिसरा सल्ला महामार्गावरच्या एका गॅरेजवाल्याचा. त्याने वाकून मागे एकवार पाहिले आणि म्हणाला, "एकेक पाटा वाढवून देतो. गाडी घोड्यावाणी उभी राहील." तो खोटे बोलत नव्हता. गाडी उभी राहिली असती. आईचे काय झाले असते ते पुढे सांगतो.

मी यांपैकी कोणाचेच ऐकले नाही. शिक्षकाची एक खोड असते. सगळ्यांचे ऐकून घेतो आणि आपल्याला जे स्वस्त वाटते ते करतो. शहरातल्या एका दुकानातून मागच्या दोन शॉकअपची जोडी मी बावीसशे रुपयांना आणली. काळी कुळकुळीत, नव्या रंगाचा वास येणारी. दुकानदाराने बिल मागितल्यावर हसून पाहिले, तेव्हाच मी ओळखायला हवे होते. जोडी बसवली. गाडी जांभळीखाली आणून लावली. लांब जाऊन पाहिले. गाडी बसलेलीच! मी शिवणकामाची टेप आणून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत मोजले. डावीकडे अठरा इंच, उजवीकडे साडेअठरा. आधीही तेवढेच होते. आणि तीन आठवड्यांनी त्या नव्या कोऱ्या शॉकअपच्या अंगावरून तेल ओघळू लागले. रंग नखाने खरवडला तर खाली गंज. जुने मेलेले शॉकअप तेल भरून, रंगवून पुन्हा जिवंत म्हणून विकलेले. पोळ्याला म्हाताऱ्या बैलाची शिंगे रंगवतात, तसा प्रकार!

भाऊबीज चार आठवड्यांवर आली.

शेवटी मी वळवणच्या बाजूला असलेल्या एका छोट्या गॅरेजात गेलो. आधी का गेलो नाही, याचे कारण सांगायला संकोच वाटतो. तिथला मिस्त्री माझा विद्यार्थी. नववी क मध्ये शेवटच्या बाकावर बसायचा आणि मी कवितेचे रसग्रहण करीत असताना कंपासपेटीतल्या स्प्रिंगा उडवायचा. एकदा मी त्या जप्त केल्या होत्या. त्या माझ्याकडेच राहिल्या.

"या सर," तो तेलकट हात पुसत म्हणाला. मी सगळी हकीकत सांगितली. त्याने गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार दिला आणि एकदम सोडून दिला. गाडी वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली, आणखी एकदा वर आली, मग थांबली.

"शॉकअप चांगला असला की गाडी एकदा वर येती आन् जागच्या जागी थांबती. ही तीनदा नाचली. म्हंजी शॉकअप गेलेत, हे खरं." मग तो खाली सरपटत गेला आणि तिथूनच बोलू लागला. "पर गाडी बसली ती त्याच्यामुळं न्हाय, सर. ती बसली पाट्यांमुळं. वजन पेलायचं काम पाट्यांचं. शॉकअप वजन पेलतच न्हाय."

"मग तो करतो काय?"

तो बाहेर आला. जरा विचार करून म्हणाला, "झोपाळा बघा. पोरगं बसलं की त्याला पेलती कोण? दोरी. आन् झोपाळा लई हलाया लागला की आपण हात लावून थांबवतो. तो हात म्हंजी शॉकअप. हात न्हाय लावला तर झोपाळा थांबत न्हाय. पर दोरी सैल झाली आन् पोरगं भुईला टेकाया लागलं, तर हात बदलून काय उपेग?"

मी गप्प. तीस वर्षे दृष्टान्त, उपमा आणि रूपक शिकवून मला असा दृष्टान्त सुचला नव्हता.

"तुम्हीच शिकवलं व्हतं की," तो हसत म्हणाला, "हल्याला दुखणं आन् पखालीला डाग. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. मला शून्य दिला व्हता तुम्ही."

आता उपयोग बरोबर झाला होता. बावीसशे रुपयांचा डाग मी पखालीला देऊन आलो होतो.

त्या दिवशी दोन तास मी त्या गॅरेजात लाकडी खोक्यावर बसून शिकत होतो. आमच्या गाडीला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि मागे पोलादी पाटे आहेत. पाटा म्हणजे कमान. नवा असताना तो धनुष्यासारखा वाकलेला असतो. वर्षानुवर्षे ओझे वाहून त्याची कमान उतरते, तो सपाट होतो आणि गाडी बसते. आमच्या पाट्यांनी काय काय वाहिले, ते मलाच आठवू लागले. मामांकडून दरवर्षी येणारी तांदळाची पोती. वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी तांदूळ घरोघर प्रिय झाला, पण तो वाहून आणणाऱ्या पाट्यांचे नाव कोण घेतो? भाचीच्या लग्नातली भांडी. घर बांधताना सिमेंट. एकदा तर पंधरा माणसांचे वऱ्हाड. डावी बाजू जास्त का उतरली तेही कळले. पोती लवकर उतरवता यावीत म्हणून मी ती नेहमी डावीकडेच रचायला लावीत असे.

शॉकअपच्या पोटात काय असते, तेही त्याने एक कापून दाखवले. नळीत तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोके. गाडी उसळली की दट्ट्या तेलातून धावतो, पण त्या भोकांतून तेलाला सावकाशच जावे लागते, म्हणून उसळी मरते. मरते म्हणजे कुठे जाते? तिची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावला तर चटका बसतो. तुम्हांआम्हांला बसायचा तो धक्का त्या तेलाने आपल्या अंगावर घेऊन त्याचा ताप करून घेतलेला असतो! काही शॉकअपांत तेलाबरोबर नायट्रोजन वायू भरलेला असतो. त्यामुळे भरधाव हलताना तेलाला फेस येत नाही. फेस आला की दट्ट्याला काही अडत नाही, ताकात रवी फिरावी तसा तो फिरतो.

या धंद्यातले एक नाव मात्र मला फार आवडले. गॅब्रिएल. हा बायबलमधला देवदूत. अमेरिकेत क्लीव्हलंडचे क्लॉड फॉस्टर यांनी मोटारीचा सुरेल भोंगा बनवला आणि त्याला तुतारीवाल्या गॅब्रिएलचे नाव दिले. पुढे त्याच नावाने ते गाडीचे हादरे आवरणारी साधनेही बनवू लागले. आपल्याकडे १९६१ साली मुलुंडला त्या नावाचा कारखाना निघाला, आणि आता चाकणलाही आहे. देवदूत चाकणला उतरला, आणि मी शहरात जाऊन रंगवलेले भूत घेऊन आलो!

आता निवड. मी विचारले, "तो महामार्गावरचा म्हणत होता, एकेक पाटा वाढवा. स्वस्तातलं काम आहे."

"गाडी उभी राहील. पर कडक व्हईल. आजी मागं बसल्या की समदा हादरा मणक्यात. पोती वाहायची असती तर मीच घातला असता." मग तो बोटे मोजू लागला. पाटे नवे घेतले तर उत्तम, पण खर्च मोठा. आहेत तेच पाटेवाल्याकडून ठोकून पुन्हा कमान देऊन घेतले तर निम्म्याहून कमी खर्च. मात्र ठोकलेली कमान नव्याइतकी टिकत नाही, दोन-तीन वर्षांनी पुन्हा उतरू लागते. "किती वर्सं वापरायचीय गाडी?" त्याने विचारले.

हा प्रश्न पाट्यांचा होता. माझ्या मनात मात्र भलतेच गणित सुरू झाले. आई ब्याऐंशीची. मामा अठ्ठ्याहत्तरचे. दोन-तीन भाऊबीजा.

"ठोकून घे," मी म्हणालो.

पाटेवाल्याचे काम पाहायला मी मुद्दाम गेलो. जुन्या महामार्गाच्या कडेला पत्र्याची शेड, ऐरण, आणि आपल्या कामात गुंगलेला एक वृद्ध कारागीर. सपाट झालेला पाटा तो थंडच ऐरणीवर ठेवी आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंच इंच सरकवत घणाचे मोजके ठोके घाली. एक ठोका जास्त नाही, एक कमी नाही. मग दुसऱ्या पाट्याशेजारी उभा धरून डोळा बारीक करून पाही. तिथे बसल्या बसल्या मला कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण झाली. तिथल्या छताला लाकडी कमानी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, आणि अजून शाबूत! शाळेच्या सहली नेताना मी मुलांना मोठ्या अभिमानाने त्या दाखवत असे. पण खरी गोष्ट अशी की त्या कमानी काही पेलत नाहीत. वर अखंड डोंगर कोरलेला आहे. तो स्वतःच्या बळावर उभा आहे. आधी लाकडी मंडप असत म्हणून शिल्पकारांनी दगडातही लाकडाची आठवण ठेवली, इतकेच. ज्यांच्यावर भार नाही त्या कमानी दोन हजार वर्षे टिकल्या, यात मला आता तितके नवल वाटत नाही. नवल त्या समोरच्या तेरा-चौदा वर्षांच्या पाट्याचे वाटत होते.

चारही शॉकअप नवे घेतले. कारखान्यातून गाडीला येतात त्याच जातीचे, साधे, देशी. ना उंची, ना रंगवलेले. दुकानातच मिस्त्रीने एकेक उभा धरून दाबून आणि ओढून पाहायला लावला. दाबताना सारखा जोर लागला पाहिजे, ओढताना त्याहून जास्त, आणि मधे कुठेही हात पोकळ पडता कामा नये. बसवण्यापूर्वी प्रत्येक शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा दाबायचा आणि ओढायचा, म्हणजे आडवे ठेवल्याने तेलात शिरलेली हवा निघून जाते. हे काम त्याने माझ्याकडे दिले. तिसऱ्या शॉकअपला माझाच दट्ट्या निकामी होतो की काय असे वाटू लागले!

आणि सगळ्यांत गंमत पुढेच आहे. गाडी उघडली तेव्हा दिसले की पाटे आणि शॉकअप ज्या रबरी बुशांत बसतात ते बुश झिजून नुसती टरफले उरली होती. खड्ड्यातला तो धाडकन आवाज, ज्याने आईने डोळे मिटले होते, तो निम्मा तरी या रबरांचा होता. साऱ्या बुशांची किंमत झाली नऊशे रुपये. संसारातही मोठी भांडणे नऊशे रुपयांच्या वस्तूंवरूनच होतात.

एकूण बिल चौदा हजारांच्या थोडे वर गेले. शॉकअप सात हजार, पाटे साडेचार, बाकी रबरे आणि मजुरी. हिने दिवाळीसाठी मनात धरलेले काहीतरी त्यात गेले. काय ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. जांभळीखाली टेप लावली. दोन्हीकडे वीस इंच. शेजारी कुंपणावरून म्हणाले, "मास्तर, गाडी नवी घेतलीत का?"

निघताना मिस्त्रीने दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, आईला मागच्या नव्हे, मधल्या बाकावर बसवा. दोन्ही चाकांच्या मधल्या जागेला हादरा सगळ्यांत कमी लागतो. दुसरी, टायरात हवा कंपनीने सांगितली आहे तेवढीच. पंपावरचा पोरगा सवयीने जास्त भरतो आणि टायर दगड होतो. तिसरी गोष्ट आईने स्वतःच केली. गोधडीची चौघडी घालून ती मधल्या बाकावर ठेवली आणि म्हणाली, "आमच्या वेळी गाडीत भाताचा पेंढा घालायचे. तुमच्या त्या शॉकअपपेक्षा बरा. वाटेत बैलांनाही खाता यायचा."

भाऊबीजेला सकाळी निघालो. औंढोली मागे पडली. दुधिवरे खिंडीच्या चढावर एका वळणाला रस्ता पावसाने खाल्ला होता. मी दात आवळून त्यात चाक घातले. मागून धप् असा मऊ आवाज आला. गाडी एकदा वर आली आणि जागच्या जागी थांबली. मी आरशात पाहिले. आईचे डोळे मिटलेले होते. माझा जीव उडाला. मग लक्षात आले, तिची मान एका बाजूला कलली होती. ती झोपली होती.

खिंडीच्या पलीकडे पवनेचे पाणी दिसू लागले तशी ती जागी झाली. बाहेर पाहत म्हणाली, "या वर्षी रस्ता चांगला केला रे यांनी."

मी म्हणालो, "हो."

मामा ओसरीवर खुर्चीत बसूनच होते. त्यांचा उजवा हात उठत नाही. आईने ओवाळले, आणि त्यांनी डाव्या हाताने ताटात ओवाळणी टाकली, तेव्हा ती जरा रागानेच म्हणाली, "डाव्या हातानं देतोस होय रे?" आणि दोघे इतके हसले की निरांजन विझले. ते पुन्हा लावून पुन्हा ओवाळावे लागले. एका वर्षाची बाकी होतीच.

संध्याकाळी निघताना मामांचा मुलगा पाठीवर इंद्रायणीचे पोते घेऊन आला. मी नको नको म्हणत असता त्याने ते गाडीत मागे टाकले, आणि त्यावर दुसरे. या खेपेस मी एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवायला लावले. कोणी पाहत नाही असे पाहून खिशातली टेप काढली आणि चाकाशी वाकलो. सकाळी वीस होते. आता सव्वाएकोणीस.

"काय मोजतोयस रे खाली?" आई आतून म्हणाली.

"काही नाही," म्हणून मी टेप खिशात घातली. मामांच्या मुलाने तिसरे पोते पाठीवर घेतले होते.